एका घरात दोन चुली

सोमवार, ३ मार्च

झालं! शाळेतल्या आम्हा सगळ्या शिक्षकांना सर्वेक्षणाला जुंपलं. राज्य सरकार घरोघर जाऊन जात विचारणार, कुणाला कसली मदत लागते ते त्यावरून ठरवणार – आणि ते 'घरोघर' म्हणजे आम्ही. आज प्रशिक्षण. दिवसभर पंखा बंद आणि साहेब चालू. एक वाक्य मात्र डोक्यात पक्कं बसलं – एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. छप्पर एक असलं तरी चुली दोन, तर कुटुंबं दोन.

लगेच सासऱ्यांची आठवण झाली. त्यांची शेगडी मागच्या खोलीत आहे.

मंगळवार, ४ मार्च

पहिल्याच घरातल्या काकू म्हणाल्या, "आमची सांगते, पण आधी तुमची सांगा." सांगितली. पाणी विचारायचं त्या विसरल्या. पुढच्या घरात पुन्हा तेच, "आधी तुमची." तिथे चहा मिळाला, वर 'अर्धा कप तरी' म्हणून आग्रह! एकूण दिवस बरोबरीत सुटला. पाय मात्र कामातून गेले.

गुरुवार, ६ मार्च

गावभर आवई उठली आहे की चूल वेगळी दाखवली की मदतही वेगळी मिळते. मग काय, जिकडे तिकडे नव्या शेगड्या!

आज प्लंबरच्या घरी गेले. तो आणि त्याचा भाऊ. चेहरा पाडून म्हणाला, "काय सांगू मॅडम, वेगळे झालो आम्ही." गॅलरीत दुसरी शेगडी मांडलेली. दुकानातली चिकटपट्टी तशीच, आणि नळी कशालाच जोडलेली नाही – प्लंबरच्या घरात! मी काही बोलणार तेवढ्यात आतून त्याची बायको ओरडली, "भावोजी केव्हाचे पानावर बसलेत, आटपा की तुमचं!" तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग दोघंही पोट धरून हसलो.

"एकच लिहा," म्हणाला. "पण शेगडी दुकानदार परत घेईल का हो?"

शुक्रवार, ७ मार्च

रविवारी आमच्या गल्लीची पाळी. आपल्या गल्लीत आपण जायचं नाही असं ठरलंय, म्हणून चित्रकलेचे सर येणार.

लिहूनच टाकते. आमचं लग्न ठरवून केलेलं नाही, आणि माझी जात यांच्या जातीपेक्षा खालची मानतात. मी या घरात आले, त्याच आठवड्यात सासऱ्यांनी शेगडी आणली. "डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय." तो डॉक्टर आजवर कुणी पाहिलेला नाही. आणि पथ्य असं की दर दोन दिवसांनी मागच्या खोलीतून तळणाचा वास! मी आणि नवरा एकमेकांना कोपरं मारून हसतो. हसायची सवय लावून घेतली आहे मी.

माणूस वाईट नाही. माझ्या स्कूटरची हवा स्वतः बघतात. मला ताप आला तेव्हा गोळ्यांच्या वेळा त्यांनीच सांभाळल्या. लेकीवर तर जीव ओवाळून टाकतात, तिचा अभ्यासही तेच घेतात. फक्त माझ्या हातचा चहासुद्धा त्यांना चालत नाही.

आता सर येणार, दोन चुली बघणार आणि दोन कुटुंबं लिहून मोकळे होणार. नियमाने तेच बरोबर आहे. पण मला ते नको आहे. इतके दिवस हे आमच्या चार भिंतींत होतं, आता सरकारी शिक्का बसणार – ही बाई या माणसाच्या कुटुंबातली नाही म्हणून.

नवरा म्हणतो, "मी बोलतो बाबांशी." लग्नापासून बोलतोच आहे.

रविवार, ९ मार्च

सर आले. सासरे खुर्चीत पेपर घेऊन, शेजारी लेक. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. सरांना उघड्या दारातून मागची शेगडी दिसलीच.

"आजोबा, तुमची चूल वेगळी का?"

"हो."

"काही खास कारण?"

हे खरं तर विचारायचं नसतं, पण सरांना भोचकपणाची खोड. आणि लेकीनेही मान वर केली. "हो आजोबा, का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. नातीकडे बघितलं. एरवी 'पथ्य' हा शब्द त्यांच्या ओठांवरच असतो, आज तोही निघेना.

"वेगळी नाही," म्हणाले. "एकच आहे. एक लिहा."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप! आठवडाभर लोकांच्या खोट्या शेगड्या पकडत हिंडतेय, आणि माझ्याच घरात खोटी नोंद. सर गेल्यावर लेकीला खेळायला पिटाळलं आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बाबा, तिच्यापुढे खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून एक म्हणालात. असलं एक मला नको. उद्या सरांना फोन करते, दोन लिहा म्हणून सांगते."

ते उठून मागच्या खोलीत गेले. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होता.

सोमवार, १० मार्च

फोन केला नाही. शाळेतून आले तोच सासऱ्यांनी विचारलं, "सरांना कळवलंस का?" नाही म्हटलं. "मग थांब जरा."

संध्याकाळी मी पानं घेत होते तर सासरे आले, आणि लेकीशेजारी बसले. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी वाढलं. पहिला घास सावकाश खाल्ला. म्हणाले, "मीठ कमी आहे."

माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं त्यांनी! आत जाऊन भरपूर रडले, मग मीठ घेऊन बाहेर आले.