बाराव्या मिनिटाची शांतता

१४ मार्च
दुपार, हॉलमधूनच

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर. त्याला मी आता घरातल्या माणसासारखं वागवते, म्हणजे कुरकुर ऐकून घेते आणि कामाला लागते. सहा वर्षांनी लिहायला बसले आहे, तेव्हा गाडी जरा अडखळत चालेल. समजून घे.

हॉल आहे तसाच आहे. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन रिंगमध्ये तिरकं उतरतं, त्यात धूळ तरंगत असते. सकाळची तुकडी गेलेली असते, संध्याकाळच्या मुली यायच्या असतात. अशा वेळी मी रिंगच्या कडेला पाय सोडून बसते. जागी असते की डुलकीत, माझं मलाच कळत नाही. कधी वाटतं, तू मागे दोरीउड्या मारतो आहेस. टप टप ऐकू येतं. वळून बघते तर नळ गळत असतो.

एक गंमत सांगते. एक नर्स चार वर्षं माझ्याकडे बॉक्सिंगला येते. तिची मैत्रीण बेकरीत काम करते, तीही येते. माझी पाठ वळली की दोघी कोपऱ्यात मोबाइलवर बघून तुझं ते लाथा-कुस्तीचं मिक्स्ड मार्शल आर्ट्स करतात. मागच्या महिन्यात एकमेकींच्या पायांत पाय असे अडकवून बसल्या की सुटेनात.

"ताई, सोडवा ना!"

"मी काय सोडवणार? मला कमरेच्या वरचंच कळतं!"

राग यायला हवा होता, पण हसूच आलं. दुसऱ्या दिवशी नर्स रिंगमध्ये उतरली ती वेगळीच. पडायची भीती गेल्यामुळे पाय मोकळे झाले होते, डावा ठोसा सरळ जात होता. तुमचा खेळ वाढला की आमचा उपाशी मरणार, हे मी तावातावाने किती जणांना ऐकवलं असेल! आणि इथे दोन्ही खेळ एका बाईच्या अंगात गुण्यागोविंदाने नांदत होते. कोपऱ्यातल्या त्या झटापटीमुळे माझ्या वर्गातलं एकही माणूस कमी झालेलं नाही. उलट बेकरीवालीने आपल्या दोन वहिनी आणल्या.

म्हणून खिडकीकडच्या अर्ध्या हॉलमध्ये मी मॅट घातल्या आहेत. हो, मीच. बूट घालून त्यावर पाय ठेवायचा नाही, अशी पाटीही लावली आहे. काल मीच बूट घालून गेले आणि नर्सने मला झापलं.

आता घंटांचं. आमची फेरी तीन मिनिटांची, तुमची पाच. मधली विश्रांती दोघांची एकेक मिनिट. एका छपराखाली दोन घंटा म्हणजे नुसता गोंधळ, असं तुला वाटेल. मी रिकाम्या हॉलमध्ये दोन्ही एकदम सुरू करून बघितल्या. आमची विश्रांती असते तेव्हा तुमची झुंज चालू, तुमची असते तेव्हा आमची. पण अकरा मिनिटं झाली की दोन्ही घंटा एकदम वाजतात, आणि बारावं मिनिट सगळा हॉल गप्प. त्या मिनिटात मला बाबांच्या सपातांचा आवाज येतो. खरंच येतो रे. कोणाला सांगू नकोस.

तू म्हणशील, ताईला हे कसं सुचलं. मला नाही सुचलं. हा हिशोब बाबांचा.

आता लिहूनच टाकते. ते जायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. त्यांचा उजवा पाय चालत नव्हता, तरी हट्टाने त्यांनी मला हॉलमध्ये न्यायला लावलं. मग निळा खडू घेऊन ते जमिनीवर बसले आणि बूड घासत घासत सरकत त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. मध्ये दोनदा थांबले, धाप लागली होती. मी काठी धरून उभी होते. रेघेच्या शेवटी त्यांनी या मिनिटांचा हिशोब लिहिला आणि म्हणाले, "बारातून एक मिनिट गप्प बसलात तरी पुष्कळ झालं. धाकट्याला बोलव. खिडकीकडचा अर्धा त्याचा."

मी हो म्हटलं. आणि संध्याकाळी फडकं घेऊन ती रेघ पुसली.

तुला फोनवर मी सांगितलं, की बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. ते खोटं होतं. तू आलास की सगळे तुझ्याकडे जातील, मी आणि रिंग नुसत्या एकमेकींकडे बघत बसू, या भीतीने मी ते केलं. बाबा दाराकडे बघत गेले. तू त्यांना पोचवायला आलास, घरात न येता फाटकातूनच वळलास, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

माफ कर असं लिहिणार नाही, ते मागायला मला तोंड नाही. पण तू बॉक्सिंग सोडून तिकडे गेलास म्हणून आलेला बाबांचा राग उरला नव्हता, हे तुला कळायलाच हवं. ये किंवा येऊ नकोस, हे आता तू ठरव. आलास तर दोघींच्या पायांची गाठ सोडव आणि त्यांना नीट शिकव.

आज सकाळी मी ती रेघ पुन्हा ओढली. बूड घासतच, उभ्याने ओढणं मला जमेना. आठवणीवरून काढली, त्यामुळे वाकडी आली आहे आणि तुझ्या बाजूला वीतभर जागा जास्त गेली आहे. ती तशीच राहू दे. मी पुसणार नाही.

फडकं खाली ठेवून बसलेली,
तुझी ताई