बटणाबाहेर सांडलेली अक्षरं

मंगळवार, संध्याकाळ. पोलादपूर.

नोकरी गेली. मिळण्याआधीच. मुंबईच्या कंपनीने चाचणी म्हणून दवाखान्याच्या ॲपची एक स्क्रीन करायला दिली होती. आठ दिवस खपले. आज व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मॅडमनी बटणावरचं ‘पाठवा’ पुसून ‘अर्ज पाठवा आणि पावती घ्या’ लिहिलं. अक्षरं बटणाबाहेर सांडली, शेजारच्या रकान्यावर चढली.

“ऑटो लेआउट लावलं नाहीस?”

मजकूर वाढला की चौकट आपोआप वाढते, बाकीचं सरकून जागा देतं, ते. मी सगळं हाताने मापून मांडलेलं. नोकरीच्या अर्जात मात्र ‘येतं’ असं लिहिलं होतं. का लिहिलं? तीनदा शिकायला बसले. व्हिडिओत कळतं, स्वतः लावलं की सगळ्या चौकटी एका ओळीत गोळा होतात, मग काढून टाकते. ते बटण डोळ्यांसमोरून जात नाही.

आईने सकाळीच मुंबईच्या मामाला माझ्या राहण्याचं विचारलं होतं.

“आता त्याला काय सांगू गो?”

“सांग, मीच नको म्हटलं.”

 आईने फोन लावला आणि माझ्याच हातात दिला.

“मला खोटा बोलायला नाय जमायचा. तूच सांग.”

पलीकडून मामा आनंदाने विचारत होता, “कधी येतेस?”