आधी आवाज, मग आंबोण

आई,

आज माझी शाळेतली नोकरी संपली. निरोपाला कुणीतरी म्हणालं, बाईंनी तीस वर्षांत छडी हातात धरली नाही. टाळ्या पडल्या, आणि मला आठवला आपल्या श्रीवर्धनच्या वाडीतला रेडा. हसू नकोस.

काकांनी तो रहाटाला जुंपायला बाजारातून आणला होता. दिसायला दांडगा, पण रहाट कुरकुरला की मटकन खाली बसायचा. पहिल्या मालकानं रहाट सुरू करताना रोज बडवलेला. कुरकुर म्हणजे मार, एवढंच बिचारा शिकलेला. शेजारी म्हणाले, रहाटाला तेल घाला की! काका कसले ऐकतात? आपल्याकडं मुद्दाम तेल घालत नसत. ओटीवर बसल्या बसल्या मालकाला आवाजावरून कळायला हवं, शिंपणं चाललंय की जनावर उभं आहे. चैत्र होता, पोफळींनी माना टाकल्या होत्या. काका म्हणाले, "वयनी, अवसेपर्यंत चालला तर चालला, न्हायतर कसायाला देतो." बाबा गेल्यावर त्या घरात तुझा शब्द कोण मोजत होतं? तरी तू पदर खोचलास. "भावजी, तवर त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

मी दहा वर्षांची. तू त्याला रहाटापासून लांब आंब्याखाली बांधतेस. मी रहाट हातानं इवलासा ढकलते, कुर्र होतं, रेडा थरथरतो, आणि लगेच तू भिजवलेल्या कोंड्या-पेंडीचं आंबोण त्याच्या तोंडाशी धरतेस. रोज दावं एक हात पुढं. एकदा मला त्याची दया आली. मी आंबोणाचं घमेलं आधी त्याच्यापुढं ठेवलं नि मग जाऊन रहाट ढकलला. रेड्याला बोट न लावणाऱ्या माझ्या आईनं माझ्या पाठीत मात्र सणसणीत धपाटा घातला! "आधी आवाज, मग आंबोण! उलटं केलंस तर त्याला काय कळणार हाय, कप्पाळ?"

अवसेच्या दोन दिवस आधी रहाट कुरकुरला नि रेड्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. घमेलं अजून तू उचललंही नव्हतंस. अवसेच्या सकाळी तो रहाटाला लागला. लोट्यांतलं पाणी भराभर पाटात पडू लागलं. काका ओटीवरून उठून आले. "वयनी, मंतरबिंतर केलात की काय?" तू म्हणालीस, "मंतर कसला? त्याचं जुनं शिकलेलं विसरवलं."

पुढं ट्रेनिंग कॉलेजात मास्तरांनी परदेशातल्या एका विद्वानाचा प्रयोग शिकवला. घंटा वाजवून कुत्र्याला खायला देत गेलं, की पुढं नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटते. अगं, मी बाकावर ताठच झाले! मास्तरांनी विचारलं, "खाणं आधी दिलं आणि घंटा नंतर, तर?" मी उठून म्हणाले, "मग नाही शिकायचा तो." अक्षर न येणाऱ्या माझ्या आईला हे त्या विद्वानाइतकंच पक्कं ठाऊक होतं! पुढं आकड्यांना घाबरणारी पोर वर्गात आली की मी तुझंच केलं. फळ्यावर आकडा लिहायचा, लगेच तिच्या हातावर शेंगदाणे. महिन्याभरात पोर स्वतःच खडू मागायची. किती पोरी अशा मार्गाला लागल्या, आई! तुझ्या जोरावर लागल्या.

तू गेलीस तिथं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच एक गोष्ट सांगायचा धीर होतोय. त्या दिवशी मास्तर खूश होऊन म्हणाले, "शाबास! कुठं शिकलात हे?" तू अगदी ओठांवर आली होतीस. पण मागच्या बाकांवर पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतल्या मुली होत्या.

मी म्हणाले, "पुस्तकात."