आवाजाचं हक्कसोडपत्र

परतूर
ता. ३० ऑक्टोबर २००३

चि. धर्मराज यास,
अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत, पुण्यात तुम्हीही खुशाल असाल. कापूस बाजारात आल्यामुळे आमच्या ह्यांना आडतीवरून घरी यायला फुरसत नाही. सासूबाईंचे गुडघे थंडी पडली की धरतात, तसे याही वर्षी धरले. मायचा निरोप होता, शहागडला तिची तब्येत बरी आहे. भाऊबीजेला तू आला नाहीस, पण कुरिअरने साडी आली. रंग चांगला आहे. घडी अजून मोडली नाही.

साडीच्या घडीतला कागदही मिळाला. इंग्रजी आहे, पण बारावी झालेय मी, एवढं कळतं. जुन्या टेपवरच्या गाण्यातल्या आवाजावर माझा कसलाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही, असं मी लिहून द्यायचं. गाणं बाजारात काढणाऱ्या कंपनीच्या वकिलाला प्रत्येकाची सही लागते म्हणे. जिथे सही करायची तिथे तू पेन्सिलीने फुली मारून ठेवलीस. नाना गेल्यावर अंबडच्या रजिस्ट्री ऑफिसातही कुठं सही करायची ते तूच बोट ठेवून दाखवलं होतंस. तेव्हा मी वाचलंसुद्धा नाही. बहिणीनं जमिनीचं हक्कसोड करून द्यायचं, भावानं दिवाळीला साडी घ्यायची, आणि माहेरचं दार उघडं राहायचं, हा रिवाजच आहे आपल्याकडे. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. शेत तू कसणार नव्हतास, तरी वाईट वाटलं नव्हतं.

तुझी मुलाखत आम्ही केबलवर पाहिली. सासूबाईंनी शेजारच्या दुर्गाबाईंनाही बोलावून घेतलं होतं, सुनेचा भाऊ टीव्हीवर येणार म्हणून. तू गुडघ्यावर फाटलेली पँट घालून बसला होतास. दुर्गाबाई म्हणाल्या, "इतकं कमावतंय पोरगं, अन् पँट धड न्हाई व्हय?" मी म्हटलं, ती फाटकीच विकत मिळते, धड पँटीपेक्षा महाग. त्यांना पटलं नाही.

मग मुलाखत घेणाऱ्या पोरीनं तुला विचारलं, पंक म्हणजे काय. तू छान बोललास. विलायतेत आणि अमेरिकेत पंचाहत्तरच्या पुढेमागे पोरांना कामधंदा नव्हता, रेडिओवर नुसती गुळमट, लांबलचक गाणी, तेव्हा ज्यांना धड वाजवताही येत नव्हतं त्यांनी वाजवायला सुरुवात केली. गिटारचे तीन कॉर्ड आले की पुरे. गाणं दोन मिनिटांत संपलं पाहिजे. गुरू नाही, घराणं नाही. टेप आपणच भरायची, आपणच वाटायची. आणि जे घरात, गल्लीत बोलता येत नाही ते ओरडून म्हणायचं. बाई, दुर्गाबाईंनीसुद्धा मान हलवली.

धर्मा, हे सगळं तू मला सतरा वर्षांपूर्वी सांगितलंस, आपल्या शेतातल्या आखाड्यावर, बैलांच्या शेजारी बसून. तू औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. होस्टेलातल्या कुणा सुदानी मुलाकडून आणलेली ती कॅसेट ऐकून मी म्हटलं होतं, हे काय डबे पडल्यासारखं? तू म्हणालास, "अक्का, ऐक तर. ही पोरगी गाऊन राह्यलीय. पोरगी!" मी परत ऐकलं. ती चिडलेली होती आणि ते लपवत नव्हती. अशी बाई मी तोवर ऐकलीच नव्हती. त्या कॅसेटीतली पोरं अंगाला सेफ्टी पिना लावतात, याचं तुला केवढं अप्रूप होतं. माझ्या बांगडीत बारा महिने पिनांचा झुबका असतो, त्याकडे तुझं लक्ष कधी गेलं नाही.

मुलाखतीत तू म्हणालास, "आमचं पहिलं गाणं." आमचं कसं रे? तुझ्या दोस्तानं, मल्हारीनं, धनगरी ढोल आणला आणि जत्रेतल्या लाऊडस्पीकरचा भोंगा आणला. तू गिटारचा आवाज त्या भोंग्यातून काढलास, तो चिरकला, आणि तू नाचलास की हाच तो आवाज. ते सगळं कबूल. पण शब्द माझे होते. त्या साली मला पाहायला पाव्हण्यांवर पाव्हणे येत होते आणि त्यांनी जे जे म्हटलं तेच मी ओळीनं मांडलं होतं.

चालून दाखव, बोलून दाखव
दात दाखव, हात दाखव
केस सोड, खरे का दाखव

आणि मग फक्त "न्हाई!" जितक्या वेळा दम टिकेल तितक्या वेळा. नानांच्या भजनाच्या टेपरेकॉर्डरवर आपण ते भरलं. मी केस खरंच सोडले होते. आयुष्यात तेवढी मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. घसा फाटला आणि इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यापुढचं तू टीव्हीवर सांगितलंस, आणि हसत सांगितलंस. त्या पोरीनं विचारलं, जुन्या टेपवरचा आवाज कुणाचा? तू म्हणालास, "होती गावाकडची एक मुलगी. गंमत म्हणजे तिच्या घरच्यांना वाटलं, हिच्या अंगात आलं! देवऋषाकडे नेलं तिला!" ती पोरगी हसून हसून बेजार झाली. सासूबाई हसल्या, दुर्गाबाई हसल्या. आमचे हेही हसले. मी चहा करायला आत गेले.

गंमत पुरी सांगितली नाहीस. ती मी सांगते.

शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया ओरडणं ऐकून धावत आल्या, पुढे माय. तू गिटार कडब्यात खुपसलीस. मल्हारी ढोल उचलून ओढ्यानं पळाला. मायनं माझे मोकळे केस पाहिले, लाल डोळे पाहिले, आणि कपाळाला मातीचं बोट लावून मलाच हात जोडले, "कोण हाईस तू बाई? काय पाह्यजे तुला?" मी म्हटलं, माय, मी नंदा. तर बाया म्हणाल्या, लबाड बोलून राह्यलीय. मला राग आला, मी ओरडले की मला न्हाई जायचं कुणाच्या घरी. त्यावर त्या म्हणाल्या, पाहा, जायला तयार न्हाई! आतलं बोलून राह्यलं! जे बोलेन ते त्या दुसऱ्या कुणाच्या नावावर जमा होत होतं.

मग मायनं तुला विचारलं, "धर्मा, तू तर हितंच होतास ना रे. काय झालं हिला?"

एक वाक्य पुरेसं होतं. गाणं म्हणत होतो आम्ही, माय. एवढंच. पण नानांना गिटार कळली असती, फीच्या पैशातून घेतलेली, आणि तुझं कॉलेज बंद झालं असतं. तू म्हणालास, "मला न्हाई माहीत. एकदम वरडाया लागली." आणि तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

देवऋषानं काय काय केलं ते लिहीत नाही. निंबाच्या धुरानं दोन दिवस दिसत नव्हतं आणि केस धरून ओढल्यामुळे मान वळत नव्हती, एवढं तू पाहिलंच होतंस. तीन अमावास्या नेलं. तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले. त्यानं विचारलं, "जातीस का?" मी म्हटलं, जाते. सगळे म्हणाले, सुटली. शहागडच्या आसपास माझं लग्न जमणं शक्यच नव्हतं, म्हणून जिथे बातमी पोचली नव्हती असं हे परतूरचं स्थळ काढलं, बिजवर. माणूस वाईट नाही. पण आजवर मी घरात आवाज चढवला नाही. चढला तर कुणीतरी हात जोडून पुन्हा विचारेल, कोण आहेस तू, याची भीती वाटत आली.

कागदासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "अक्का, तुझ्या सासरसाठीच नाव झाकलंय, मल्हारीनं सही दिली, तूपण दे." माझी काळजी तुला पहिल्यांदाच वाटली, तीही कंपनीच्या वकिलाला वाटल्यावर. पण ती काळजी आता करू नकोस. मुलाखत झाली त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं. ती मुलगी मी. आणि अंगात काही आलं नव्हतं, गाणं म्हणत होते.

ह्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "अंगात आल्तं असंच राहू दे. त्याला कुणी नाव ठेवत न्हाई, उलट बाया पाया पडतील. पण गाणं म्हणत होते असं चारचौघांत बोलू नको. लोक काय म्हणतील?"

धर्मा, तुझ्या कंपनीला आणि माझ्या घराला, दोघांनाही माझा आवाज चालतो. फक्त तो माझा असून चालत नाही. तुझ्या मुलाखतीत पंकचं सगळं आलं, कपडे, पिना, विलायत. ज्यासाठी ती पोरं ओरडत होती तेवढं राहिलं.

शेत तुझं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. साडी परत पाठवते आहे. यापुढे भाऊबीजेला काही पाठवू नकोस. माहेरचं दार त्यानं बंद होणार असेल तर होऊ दे, त्या दाराच्या आतही माझं कुणी ऐकलं नव्हतं. तुझा कागद बिनसहीचाच परत जातो आहे, फुलीसकट. गाणं काढायचं असेल तर वर माझं पूर्ण नाव छाप, माहेरचं, आणि टीव्हीवर जाऊन सांग की मायनं विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस. हे होत नसेल तर गाणं काढू नकोस. वकिलाला हे पत्र दाखव. यावर सही आहे.

बेबीनंदा