भिशीला रकाना नाही

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोलीत ऊन येतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा अजून लपूनछपून गोड खातात का?

लोक पैसा कसा साठवतात, हे आमचं ऑफिस घरोघर विचारतं. एका वस्तीत व्याज घेणं धर्मात बसत नाही, म्हणून बायका बँकेऐवजी आपसात भिशी लावतात. फॉर्मवर भिशीला रकानाच नाही. साहेबांनी सरसकट 'बचत नाही' लिहिलं आणि वस्तीला मिळणारं बचतीचं सल्ला केंद्र रद्द करायला निघाले.

मी म्हटलं, "माझ्या आईने भिशीवर तीन पोरं शिकवली. तिच्यापुढेही शून्यच लिहाल?"

"बाई, फॉर्म वरून ठरून येतो."

"मग खालची सही माझी नाही."

अहवाल तिथेच अडकलाय. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे कामं भराभर उरकतात. नोकरीची काळजी करू नकोस, करार संपायला चांगले नऊ दिवस आहेत.

काल वस्तीतल्या शिंपीणबाईंनी मला त्यांच्या नव्या भिशीत घेतलं. म्हणाल्या, "पहिली भिशी तूच उचल. पुढचा महिना तुला जड जाईल."

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
भांडकुदळ लेक