बाबांनी थाळीला हात लावला

कुरुंदा,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस नंदूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, जास्त फुगू नको.)

आमी सगळे मजेत. आईचा गुडघा आता बराबर आहे. अंगणात हळद शिजून राहिली, घरभर वाफ अन् वास. तू फोन उचलत न्हाईस, उचललास तर "कामात आहे" म्हणून ठेवतेस. म्हणून हा कागद. कागदाला तसं सांगता येत न्हाई.

आता बातमी. काल हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनात तुझ्या बहिणीचा पहिला नंबर आला. जिल्ह्यात पहिला. परत एकदा वाच, मी थांबते.

प्रयोग सांगते, न्हाईतर मला करमायचं न्हाई. आपली जेवायची स्टीलची थाळी कोरड्या काचेच्या ग्लासावर ठेवली. एका काठाला चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या, एकीला एक चिकटून लोंबणाऱ्या. विहिरीवरल्या मोटारीच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा बाबांच्या लोकरी मफलरवर घासला की त्यावर ऋण प्रभार येतो. तो थाळीच्या दुसऱ्या काठाजवळ न्यायचा, पण टेकवायचा न्हाई. थाळीतले इलेक्ट्रॉन त्याच्यापासून लांब पळतात, पट्ट्यांत गर्दी करतात, अन् पट्ट्या फाकतात. पण पाइप लांब नेला की ते परत आपल्या जागी. म्हणून पाइप जवळ असतानाच थाळीला बोट लावायचं. पळायला वाट मिळाली की इलेक्ट्रॉन बोटातून अंगात, अंगातून जमिनीत. मग आधी बोट काढायचं अन् नंतर पाइप. थाळीत इलेक्ट्रॉन कमी पडले, म्हणजे तिच्यावर धन प्रभार आला. पाइप टेकलासुद्धा न्हाई! यालाच प्रवर्तन म्हणतात.

पाइप आधी काढला अन् बोट नंतर, तर हाती काहीच लागत न्हाई. अन् घरी तर हळदीच्या वाफेनं जीव खाल्ला. दमट हवेत प्रभार टिकतच न्हाई. शेवटी दुपारच्या उन्हात गच्चीवर जाऊन बसले तेव्हा जमलं. आई म्हणे, पोरगी काळी पडेल. पडू दे.

बाबा सोबत आले होते. प्रयोग पाहायला न्हाई, निकाल ऐकायला. पहिला नंबर आला तर अकरावीला सायन्स, न्हाई तर गावातच आर्ट्स, असं आमचं ठरलं होतं. तसं काहून ठरलं ते मी लिहिणार नव्हते. आईनंही सांगितलं होतं, लिहू नको.

लिहितेच. तू बारावीला फिजिक्समध्ये राहिलीस अन् पुण्याला कंपनीत निघून गेलीस. एकाही दिवाळीला आली न्हाईस. बाबा म्हणाले, एका लेकराचं हसू ह्या सायन्सनं घालवलं, दुसरीचं घालवू देणार न्हाई. मग मी कितीही रडले तरी ऐकेनात. मला तुझा लई राग आला ताई. नापास झालीस त्याचा न्हाई. गेलीस त्याचा.

तर काल. परीक्षक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. पट्ट्या मस्त फाकलेल्या. तेवढ्यात बाबा पुढं झाले. तुला ठाऊक आहे त्यांचं. वजनकाटा असो की ट्रॅक्टर, काम सुरू व्हायच्या आधी हात लावून कपाळाला लावल्याशिवाय त्यांना चैन पडत न्हाई. लावला थाळीला हात. पट्ट्या मिटल्या.

"बंद पडलं का?" बाई म्हणाल्या.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, मुद्दाम केलं. एक क्षण खरंच तसं वाटलं, खोटं काहून बोलू? पण त्यांच्याकडं पाहिलं अन् राग विरघळला.

"न्हाई मॅडम, हा दुसरा भाग आहे," मी म्हणाले. (दुसरा भाग वगैरे काही नव्हता, हे फक्त तुला.) "ह्यांच्या हातातून इलेक्ट्रॉन थाळीत चढले अन् तूट भरून निघाली." मग पाइप घासला, थाळीजवळ धरला. "बाबा, आता परत हात लावा."

"नको पोरी. म्या एकदा बिघडवलं."

"लावा म्हणते ना."

लावला. "काढा आता." काढला. मग मी पाइप बाजूला घेतला, अन् पट्ट्या अशा फाकल्या की शेजारच्या टेबलावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाई म्हणाल्या, समजावून सांग. मी म्हणाले, "हात तोच आहे मॅडम. पाइप जवळ असताना लागला तर थाळीला प्रभार देतो, नसताना लागला तर असलेला घेऊन जातो."

बाबा आपल्या हाताकडंच पाहून राहिले होते.

येताना मी गाडीवर मागं बसले होते. औंढ्याच्या पुढं त्यांनी गाडी बाजूला घेतली. सर्टिफिकेट माझ्या मांडीवर, अन् बाबा रस्त्याकडं पाहत म्हणाले, "थोरलीला म्या निकालाच्याच दिवशी बोललो. लेकरू रडून राहिलं होतं अन् म्या बोललो. चार दिवस थांबाया पायजे होतं." मग गाडी चालू करता करता, "तिला लिही. एकच पेपर ऱ्हायला हाय. घरी येऊन दे म्हणावं."

हे मी माझ्या मनचं जोडलं न्हाई, आईची शपथ.

माझं सायन्सचं पक्कं झालं. तुझी पुस्तकं मी उन्हात टाकून झटकून ठेवलीत. आधी तू वाच, मग मी घेईन.

आता पाकीट बंद करायच्या आधी बाबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? ते हळद पसरवत होते. उठून आले. लग्नपत्रिकेला लावतात तसं बोट कागदाच्या कोपऱ्याला टेकवलं अन् परत कामाला लागले. खाली पिवळं दिसतंय ना, ते त्यांचं. पुसून टाकू नको, घेऊन ये.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली, जिल्ह्यात पहिली,
नंदू