तिच्या नावाचं दार

३ मार्च. सकाळी नऊ.
ही मुलीकडे गेली. चार दिवसांसाठी. सोबत शिलाई मशीनही नेलं, टेम्पो बोलावला होता. मशीनचं तेलपाणी करायचं असणार. मुलीच्या गावात चांगला कारागीर असेल. कापड बेतायचं मोठं टेबल का नेलं ते मात्र कळलं नाही. विचारणार होतो, पण टेम्पोवाला घाईत होता.
ती परत यायच्या आत काम उरकायचं. संकल्प: रोज सकाळी दोन तास बैठक. चहा एकदाच. चिडायचं नाही.

३ मार्च. दुपार.
काम नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. घरात एक सर्व्हर आहे. जुनाच कॉम्प्युटर, पण सतत चालू. त्यावर दोन वेबसाइट. दोन्ही जावईबापूंनी जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत करून दिलेल्या. एक हिच्या शिवणक्लासची. दुसरी माझी, 'निरोगी विचार'. दोन्ही ज्याच्यावर चालतात त्याला टॉमकॅट म्हणतात, म्हणजे बोका. हिला मांजरं आवडत नाहीत, म्हणून नाव सांगितलेलं नाही.
तर मशीन एक, बिऱ्हाडं दोन. माणूस ज्या नावाने येईल त्या नावाचं दार त्याला उघडायचं. याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. नाव ओळखीचं नसेल तर त्याला डिफॉल्ट होस्टकडे पाठवतात. डिफॉल्ट मी आहे. कोणीतरी असावंच लागतं, आणि घरात मोठा मीच.
हिच्या नावाचं दार करायचं राहिलं होतं. करणारच होतो. तोवर तिच्या नावाने येणारे माझ्याकडे यायचे. गेल्या महिन्यात कुणा मुलीच्या आईने फोन केला, की क्लासची साइट उघडली तर बद्धकोष्ठतेवर लेख आला, तुमच्याकडे शिकवतात तरी काय? मला वाटलं ही हसेल. हसली नाही. म्हणाली, अहो, माझी खोली घेतलीत, मी गॅलरीत बसले. निदान त्या डब्यात तरी मला माझं दार द्या.
खोली मी घेतली नाही. सर्व्हरला गारवा लागतो. आणि गॅलरीत उजेड चांगला, सुईत दोरा ओवायला. तिचीच सोय बघितली.

४ मार्च.
जावईबापूंचा फोन. म्हणाले, बाबा, पासवर्ड द्या, मी इथून बसल्या बसल्या करून देतो. मी म्हटलं, बापू, कंपनीच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी अख्खी नोकरी काढली आहे. तिथे मी टेपांच्या पेट्या उचलायचो आणि एसीचं पाणी काढायचो, हे त्यांना ठाऊक आहे. पण बोलले नाहीत. चांगल्या घरचे आहेत. शाळा आठवीत सुटली म्हणून काय झालं, बघून बघून माणूस शिकतो. बसल्या बसल्या झालेलं काम टिकत नाही.
आज काम केलं नाही. फोनने मूड गेला.

६ मार्च.
सर्व्हरची मुख्य फाइल उघडली. सगळी इंग्रजी, आणि जिकडेतिकडे कोन. त्यात हिच्या नावाचा होस्ट लिहिला. तिच्या साइटचा फोल्डर दाखवला. सर्व्हर बंद करून चालू केला. चालू झाला नाही. माझीही साइट गेली. रक्तदाब मोजला नाही. मोजला की वाढतो.
संध्याकाळ. सापडलं. होस्ट उघडला होता, बंदच केला नव्हता. शेवटची एक तिरकी रेघ राहिली होती. एवढ्याशा रेघेपायी दोन्ही बिऱ्हाडं अंधारात. ही म्हणायची, शेवटाला गाठ नाही मारली की सगळी शिवण उसवते. म्हणायची म्हणजे, म्हणते.
रात्रीचं जेवण: ब्रेड. भांडी उद्या.

८ मार्च.
ही आली नाही. मुलीकडे करमत असेल. बरंच झालं, मला वेळ मिळाला.
हिच्या साइटचं नाव टाइप केलं तर नुसतं पांढरं पान आलं. त्यावर 'लवकरच' एवढंच. ही कुठली भानगड? बोक्याची काहीतरी खोड. शेवटी जावईबापूंना फोन केला, पण मदत मागितली नाही, नुसती चर्चा केली. ते म्हणाले, बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर टेस्टपुरती एक ओळ घाला, म्हणजे ते नाव बाहेर न फिरता थेट तुमच्या सर्व्हरवर जाईल. ओळ कुठे घालायची तेही सांगितलं. फार मऊ आवाजात बोलत होते. प्रमोशन अडलं असेल.

९ मार्च. सकाळी अकरा.
झालं! नाव टाइप केलं आणि हिचा क्लास उघडला. मोजमाप, कटिंग, फिनिशिंग, सगळं जागच्या जागी. उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. लगेच फोन लावला. मुलीने उचलला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. म्हणजे दुरुस्ती झाली. मुलगी म्हणाली, बाबा, आई कामात आहे, सांगते तिला. मी म्हटलं, काही घाई नाही, फक्त सांग की दार झालं.
ती टेस्टची ओळ काढायची आहे. उद्या.

१२ मार्च.
नवीन संकट. टेस्टच्या ओळीत तीन डब्ल्यू लावलेलं नावही घातलं, तर त्या नावाने अजूनही माझीच साइट येते. हल्ली डब्ल्यू लावतं कोण? सोडून दिलं.
दुपार. ही लावते. ही सगळं पूर्ण लिहिते. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा पूर्ण नाव लिहायची. परत बसलो. तिच्या होस्टमध्ये दुसऱ्या नावाची पाटी लावली. याला एलियस म्हणतात. आता दोन्ही नावांनी तीच येते. चहा तीनदा झाला, पण काम मोठं होतं.

१५ मार्च.
राहून राहून एक गोष्ट मनात येते आहे. डिफॉल्ट अजून मीच आहे. कोणी नाव चुकवलं, अक्षर इकडचं तिकडे झालं, की तो माणूस माझ्याकडे. काल झोपायच्या खोलीतल्या कपाटाकडे बघत होतो. तिचा कप्पा खालचा, सर्वांत लहान. तसं कोणी ठरवलं नव्हतं.
डिफॉल्ट बदलला. एका शब्दाचं काम. आता वाट चुकलेला कोणीही तिच्याकडे जाईल. मी हवा असेन त्याने मला नावाने शोधावं.
संध्याकाळ. फोन. या वेळी तीच आली. सगळं सांगितलं: होस्ट, एलियस, डिफॉल्ट. ती ऐकत होती. म्हणाली, बरं केलंत. मग म्हणाली, गोळ्या घेता ना वेळेवर? मग म्हणाली, ठेवू? रागावलेली बाई गोळ्यांचं विचारत नाही. येत्या रविवारी येईल.

१८ मार्च.
खोली रिकामी केली. सर्व्हर गॅलरीत नेला. उन्हात तापतो आहे, पण सोसेल. खोली झाडताना फरशीच्या फटीतून टाचण्या निघाल्या. एक बोटात गेली. सगळ्या डबीत भरून ठेवल्या, तिला लागतील.
सर्व्हरची नोंद बघितली, कोण कोण येऊन गेलं. हिच्या दाराशी एकच जण येतो आहे, आणि तो मी. परीक्षांचे दिवस असतील, लोकांना वेळ कुठला.

२२ मार्च. रविवार.
आली नाही. शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, भाऊ, वहिनींचा नवा क्लास फक्कड झालाय हो, अगदी मोठ्या शहरातल्यासारखा! मी म्हटलं, मीच केलंय सगळं. त्यांनी त्यांच्या फोनवर साइट उघडून दाखवली. नाव तेच. पण साइट ही नव्हे. रंग वेगळे. पत्ता मुलीच्या गावचा. मी म्हटलं, वहिनी, कोणीतरी चोरी केली आहे. त्या चहाही न घेता गेल्या.
जावईबापूंना फोन. म्हटलं, बापू, आपल्यावर हल्ला झालाय. ते म्हणाले, नाही बाबा. आईंनी इकडे यायच्या आधीच सांगितलं होतं. त्यांचं नाव दुसऱ्या सर्व्हरवर वळवलंय. मी म्हटलं, मग माझ्याकडे दिसतं ते? म्हणाले, ती टेस्टची ओळ. तेवढ्या एका कॉम्प्युटरवर दिसतं. तुम्ही इतक्या मनापासून लागला होतात, मला सांगवेना.
मी विचारलं, ही कधी येणार? म्हणाले, बाबा, ते तुम्ही आईंशीच बोला.

२४ मार्च. सकाळ.
काल काही लिहिलं नाही.
आज ती ओळ काढली. नाव टाइप केलं. हिचा क्लास उघडला. मोठी खिडकी, खिडकीशी मशीन, मधोमध टेबल, भोवती मुली आणि बायका. ही उभी आहे, गळ्यात टेप. हसते आहे. असा फोटो आपल्याकडे एकही नाही. साइट भरभर उघडते. माझ्या सर्व्हरवर एवढी भरभर उघडली नसती, हे मान्य करायला हवं.
खाली प्रवेशाचा अर्ज आहे. भरला. नाव: माझं, पूर्ण. पूर्वीचा अनुभव: बटण लावता येतं. क्लास का लावायचा आहे? इथे बराच वेळ गेला. लिहिलं, खोली रिकामी करून ठेवली आहे. पाठवून दिला.
लगेच उत्तर आलं. क्षणसुद्धा गेला नाही. म्हणजे ही फोन हातात घेऊनच बसली असणार.
लिहिलंय: चौकशीबद्दल आभार. सध्या सर्व बॅच भरलेल्या आहेत. जागा झाल्यास कळवू.
जागा झाल्यास कळवू. म्हणजे, नाही असं म्हटलेलं नाही.